लव्हाळा, पाणकणीस आणि तळ्याचा काठ

एखादी प्रतिमा लोकांच्या तोंडी बसली की ती त्यांच्या डोळ्यांपुढून नाहीशी होऊ लागते. तिचा वापर वाढतो आणि दर्शन उणावते. मराठीत याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लव्हाळा होय. पूर थोर वृक्षांना उपटून नेतो आणि लव्हाळ्याला तसाच सोडून जातो, हा तुकोबांचा दृष्टांत शाळकरी मुलालाही अवगत असतो. सभेत, अग्रलेखात, सत्काराच्या भाषणात तो सहज येऊन जातो. परंतु लव्हाळा म्हणजे नेमके कोणते गवत, ते किती वाढते, त्याचा फुलोरा कसा असतो, असे विचारले तर दृष्टांत देणाऱ्यांपैकी बहुतेकांना थांबावे लागेल. दृष्टांत शिल्लक आहे. त्यातील वनस्पती गेली आहे.

हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा असता तर वाङ्मयसमीक्षेला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते. तो काव्यप्रतिमेच्या सत्यतेचा प्रश्न आहे, आणि मराठी भाषा आपल्या मूळ भूमीबाहेर जाऊन जेथे नांदते तेथे तो अधिक तीव्रतेने उभा राहतो. छत्तीसगडातील भिलाईचे उदाहरण घ्यावे. नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करपंत कोल्हटकर १७४१ साली छत्तीसगडात उतरला. त्यानंतरच्या काळात रायपूर, बिलासपूर, दुर्ग, राजनांदगाव या गावांतून मराठी कुटुंबे स्थिरावत गेली. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईस पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी पेटली, आणि विदर्भातून आणखी माणसे तिकडे गेली. या कारखान्याभोवती जे नगर वाढले त्यात हुडको नावाची एक वसाहत आहे. १९७० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण महामंडळाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे हे नाव. त्यात ना कुठल्या झाडाचा वास, ना पाण्याचा. या वसाहतीतला मराठी वाचक तुकोबांचा तो अभंग म्हणतो तेव्हा त्याच्या मनापुढे कोणते गवत उभे राहत असेल? नाल्याच्या कडेला, साचलेल्या पाण्यात, तळ्याच्या उथळ काठाला जे वाढते ते लव्हाळा नव्हे. ते माणसाच्या डोक्यावरून जाणारे, पट्ट्यासारख्या लांब पानांचे, टोकाला तपकिरी मखमली कणीस धरणारे पाणकणीस असते. ते पुरापुढे वाकत नाही, कारण तेथे पूर येतच नाही.

येथे दोन वनस्पतींतील भेद स्पष्ट केला पाहिजे. लव्हाळा हा मोथ्याच्या कुळातला; देठ तिधारी, उंची बेताची, वाहत्या पाण्याच्या काठाला आणि नदीच्या पात्रातील मातीला मुळांनी घट्ट धरून राहणारा. पाणकणीस निराळे. त्याच्या काठीला वरच्या अंगाला पुंकेसरांचा तुरा आणि खाली स्त्रीपुष्पांचे दाट कणीस येते. तुरा झडून जातो, कणीस राहते, आणि वाळल्यावर फुटून त्यातून कापसासारखे तंतू असंख्य बिया घेऊन वाऱ्यावर निघतात. जमिनीखालून त्याचे खोड आडवे पसरत जाते. जेथे गाळ साचला आणि सांडपाणी येऊन मिळाले तेथे ते विशेष माजते. मराठीत त्याला पाणकणीस म्हणतात तसेच रामबाणही म्हणतात. पहिले नाव कुणब्याने दिलेले दिसते, दुसरे पुराणिकाने. रामाचे आजोळ म्हणवून घेणाऱ्या छत्तीसगडात हे दुसरे नाव अधिक शोभले असते, पण ते तिकडे कोणी घेऊन गेल्याचे दिसत नाही. सामान्य बोलण्यात मात्र पाण्याकाठचे कुठलेही उभे गवत ‘लव्हाळी’ या एका शब्दात गोळा केले जाते, आणि ज्या भाषेने भाताच्या नि आंब्याच्या जातींना डझनांनी नावे दिली तिने येथे एवढा आळस का केला, हे विचार करण्यासारखे आहे.

याचे एक कारण असे की मराठी मनाला हे गवत पाहण्याआधी त्याचा अर्थ माहीत असतो. तो अर्थ फार जुना आहे. महाभारताच्या शांतिपर्वात, बलाढ्य शत्रूपुढे दुर्बळ राजाने कसे वागावे या प्रश्नाचे उत्तर देताना भीष्म समुद्र आणि नद्या यांचा संवाद सांगतात. समुद्र विचारतो, तुम्ही मोठाले वृक्ष मुळांसकट वाहून आणता, मग वेत कधी का आणत नाही? गंगा उत्तर देते की वेत येणारा वेग ओळखतो, वाकतो, आणि वेग ओसरला की पुन्हा आपल्या जागी उभा राहतो. कालिदासाने रघूच्या दिग्विजयात सुह्म देशाच्या लोकांना हीच वेताची वृत्ती धारण करायला लावून वाचवले आहे. ग्रीकांकडे ईसापाच्या नावावर वृक्ष आणि बोरू यांची अशीच कथा आहे. या सर्वांत आशय एकच: हा राजनीतीचा धडा आहे. वाकणारा शहाणा आहे, त्याला काळ कळतो, आणि त्याच्या वाकण्यात पुन्हा उठण्याचा हिशेब आहे.

तुकोबांचा अभंग वरवर पाहता याच परंपरेतला, पण त्यात दोन गोष्टी घडल्या आहेत आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की वेत गेला आणि लव्हाळा आला. वेत हा देहूच्या परिसरातला नव्हे. इंद्रायणीच्या पात्रात दिसतो तो लव्हाळा. शास्त्रातला वेत बाजूस ठेवून संतकवीने नदीत दिसणारे गवत घेतले. हा बदल जाणूनबुजून केला की सहज घडला हा प्रश्न गौण आहे. बदल घडला एवढे खरे, आणि त्यामुळे एक पोथीतील प्रतिमा पुन्हा डोळ्यांनी पाहिलेली झाली. दुसरी गोष्ट अशी की अभंगाचा आरंभ नीचपणाच्या स्तुतीने होतो. येथे बोलणारा संकटकाळापुरता वाकणारा राजा नव्हे. ज्याला समाजाने आधीच खाली बसवले आहे तो देवाला उद्देशून म्हणतो की हे खालचे आसन बरे आहे, कारण येथे कोणाचा दावा लागत नाही. आणि शेवट तर शांतिपर्वाच्या अगदी उलट टोकाला जातो. शेवटच्या चरणात पाय धरण्याची गोष्ट आहे: पाय धरले की बळ चालत नाही. म्हणजे लव्हाळा केवळ निसटत नाही. तो बलवंताला अडवतो. त्याचे वाकणे ही माघार राहत नाही, ती पकड होते. वेताने पुराला जाऊ दिले. तुकोबांच्या लव्हाळ्याने, शेवटी, थोराला पाऊल उचलू दिले नाही.

लोकव्यवहाराने या अभंगाचे काय केले? दृष्टांताचे एकच वाक्य उचलले आणि बाकीचा अभंग सोडला. देव गेला, नीचपण गेले, पाय धरणे गेले. उरले ते वेळ पाहून वाकावे एवढे शहाणपण. म्हणजे तुकोबांनी राजनीतीतून काढून भक्तीत नेलेली प्रतिमा लोकांनी पुन्हा राजनीतीत, आणि तीही घरगुती राजनीतीत, परत आणून ठेवली. नोकरीत वरिष्ठापुढे मान तुकवणारा माणूस आज लव्हाळ्याचा दाखला देतो तेव्हा तो तुकोबांच्या नव्हे, सुह्मांच्या पंक्तीला बसलेला असतो. सुभाषित होण्याची ही किंमत आहे, आणि समीक्षकांनी ती पुरेशी मोजलेली नाही. तुकोबांच्या भाषेवर, त्यांच्या रोखठोकपणावर, त्यांच्या आत्मसंघर्षावर विपुल लिहिले गेले. पण या एका प्रतिमेच्या पोटात जे वळण आहे त्याकडे दुर्लक्ष झाले, कारण प्रतिमा अतिपरिचित होती.

आता मूळ प्रश्नाकडे. लव्हाळ्याची ही प्रतिमा नदीची आहे. तिला प्रवाह लागतो, पूर लागतो, आणि पूर ओसरल्यानंतरची शांतता लागते. पश्चिम महाराष्ट्राचे जीवन नदीकाठचे, घाटांचे, आणि त्याचे काव्यही तसेच आहे. इंद्रायणी, चंद्रभागा, गोदावरी ही त्याची तीर्थे. छत्तीसगडात महानदी आणि शिवनाथ आहेत, परंतु तेथील गावाचे दैनंदिन जीवन तळ्याभोवती फिरते. तळ्याला तेथे तरिया म्हणतात, लहान असेल तर डबरी. समृद्ध गावाचे लक्षण सांगताना ‘छै आगर छै कोरी’ तळी असा वाक्प्रचार येतो; सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे १२६. यातील कोरी ही मराठीतील कोडीच होय, आणि आगर हा जुन्या मराठीतल्या ‘आगळा’शी नाते सांगणारा दिसतो. स्नान, गुरांचे पाणी, कपडे, भाताचे सिंचन, कमळकंद, मासे, अंत्यविधीनंतरची आंघोळ, या सर्वांना तळे लागते.

अशा तळ्याच्या काठी जे गवत उभे असते त्याचे चरित्र लव्हाळ्याच्या अगदी उलट आहे. पाणकणीस नम्र नाही. ते जिंकणारे आहे. त्याची गती पुरासारखी दिसत नाही, पण दरवर्षी ते काठापासून आत सरकते. त्याची मेलेली पाने तळाशी बसतात, पाण्याचा वेग मंदावतो, गाळ अडतो, तळ उचलला जातो. लक्ष दिले नाही तर तळ्याचे दलदलीत आणि दलदलीचे जमिनीत रूपांतर होते. त्याच वेळी तेच गवत मैलापाण्यातील बरेच काही शोषून घेते, जांभळ्या पाणकोंबडीला आडोसा देते, आणि त्याच्या पानांच्या चटया विणल्या जातात. म्हणजे ते तळ्याला राखते आणि तळ्याला गिळतेही. असा दुहेरी स्वभाव असलेली वस्तू काव्याला किती मोलाची! पण ‘लव्हाळ्यासारखे व्हावे’ या बोधाचा चष्मा लावून तिच्याकडे पाहिले तर काहीच दिसत नाही, कारण तिच्यासारखे व्हावे की होऊ नये हेच ठरवता येत नाही.

मराठी परंपरेत या उग्र गवताची आठवण मुळीच नाही असे मात्र नव्हे. ती एका अशा ग्रंथात आहे की जो वारकऱ्यांच्या घरोघर वाचला जातो. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर जी टीका लिहिली व १५७३ साली काशीत पुरी केली, तिचा पहिलाच अध्याय यादवकुळाच्या शापाचा आहे. सांबाच्या पोटी निघालेल्या लोखंडी मुसळाचे चूर्ण समुद्रात टाकले जाते, लाटा ते काठाला आणून टाकतात, आणि त्यातून एरका नावाचे गवत उगवते. स्कंधाच्या शेवटाकडे, तिसाव्या अध्यायात, प्रभासक्षेत्री मद्याने धुंद झालेले यादव तीच एरका उपटून एकमेकांना ठार करतात. एरका म्हणजे पाणकणीसच असे अभ्यासक बहुधा मानतात. केवढी विलक्षण रचना आहे ही! मध्ये उद्धवाला सांगितलेला ज्ञानभक्तीचा विस्तार, आणि दोन्ही टोकांना पाणथळीतले हे गवत. लोखंड झिजवून संपवले असे वाटते, ते गवत होऊन परत येते, आणि गवत हातात घेतले की ते पुन्हा लोखंड होते. दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर उभ्या असलेल्या नगरात ही कथा वाचणाऱ्याला तिच्याशी काही वेगळे नाते जाणवावे अशी अपेक्षा धरणे अवास्तव नाही. तरीही कीर्तनात आणि काव्यात मराठी मनाने या एरकेला कधी आपल्या प्रतिमासृष्टीत घेतले नाही. नाथांच्या ग्रंथातली चर्चा होते ती यदु-अवधूत संवादाची, चोवीस गुरूंची. मोरोपंतांनीही आर्याभारतात मौसलपर्व रचले आहे. त्याची आठवण तर क्वचितच कोणी काढतो. निमूट लव्हाळा लोकांना हवासा वाटला; मारणारी एरका नको झाली.

दुसरे कारण कविसंकेतांचे आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत कविसमयांची चर्चा केली आहे. नदीच्या वाहत्या पाण्यात कमळे फुलत नसली तरी कवींनी ती वर्णावी, प्रत्येक जलाशयात हंस नसले तरी ते असल्याचे मानावे, असा हा संकेत. म्हणजे जे पाण्यात नाही त्याला काव्यात मुक्तद्वार, आणि जे काठाला रोज उभे आहे त्याला नाही. स्वतः कालिदास या संकेताचा बंदा गुलाम नव्हता. ऋतुसंहारात शरदाला काशफुलांचे वस्त्र नेसवताना आणि मेघदूतात गंभीरा नदीच्या पाण्याला स्पर्श करणाऱ्या वेताच्या फांद्या टिपताना त्याने काठ पाहिला होता. मराठी पंडित कवींनी संकेत घेतला, दृष्टी घेतली नाही. रघुनाथ पंडिताचे नलदमयंती आख्यान हे या बाबतीत गमतीचे आहे. त्याच्या नायकाच्या नावाचा अर्थच पाण्याकाठचे पोकळ गवत असा आहे, नायिका विदर्भाची आहे, आणि कथेला गती देणारा हंस तळ्यावर सापडतो. वाचकाच्या स्मरणात राहतो तो हंसाचा विलाप. नळाच्या नावातला नळ कोणाला ऐकू येत नाही.

आधुनिक काव्याने संकेत झुगारले असे आपण म्हणतो. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता मराठी समीक्षेने जितकी उलगडली तितकी क्वचितच दुसरी कुठली. तिच्यातील उदासीनता, तिच्यातील मृत्यूची चाहूल, तिची रंगयोजना, सर्वांवर लिहून झाले. एक गोष्ट मात्र नमूद करण्यासारखी आहे. झऱ्याच्या दोन्ही तटांवर त्या कवितेत हिरवळ आहे आणि झरा बेटांमधून वाहतो. बेट म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन, तसेच बेट म्हणजे वेळूसारख्या वनस्पतीचा दाट पुंजका. ही बेटे कशाची? कविता सांगत नाही. सर्व काठ नुसता हिरवा राहतो, आणि नाव मिळते ते एकट्या औदुंबराला, म्हणजे ज्या झाडाखाली दत्ताचे वास्तव्य मानले जाते त्या पूज्य वृक्षाला. हा कवितेचा दोष नव्हे. कवितेचे सारे वजन शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेल्या त्या एका आकृतीवर पडावे यासाठी काठ अनामच राहायला हवा होता. पण बालकवींच्या गरजेपोटी आलेली ही अनामता नंतरच्या निसर्गकवितेत सवय म्हणून राहिली. हिरवळ, तृण, पाती, झुळूक. शब्द गोड आणि वनस्पती कोणतीही. बहिणाबाईंनी सुगरणीच्या खोप्याकडे जितके निरखून पाहिले तितके या कवींनी काठाकडे पाहिले असते तर पुष्कळ काम झाले असते.

मराठीला तळ्यांचा प्रदेश अपरिचित होता अशी सबब येथे चालणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर हा पूर्व विदर्भाचा पट्टा कोहळी समाजाने बांधलेल्या शेकडो तळ्यांचा आहे. या तळ्यांना पुढे मालगुजारी तलाव म्हणू लागले, आणि मालगुजारी गेल्यावर सरकारी कागदात ‘माजी’ लागून त्यांचे ‘मामा तलाव’ झाले. हा पट्टा आणि छत्तीसगडचा मैदानी प्रदेश एकमेकांना लागून आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तर ते एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. या भूमीतील पाणथळीचे जे खरे वाङ्मय मराठीत झाले ते कवितेत नव्हे, गद्यात झाले. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधच्या सरोवराकाठी वर्षे काढली आणि तेथील पक्षी, मासे, वनस्पती यांची नावे गोंड, कोहळी, ढीवर यांच्या तोंडून ऐकून मराठीत आणली. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तरी त्यांच्या लेखनाला अनेक समीक्षक अद्याप ‘निसर्गलेखन’ या वेगळ्या खोलीत बसवतात. ती खोली घरातच आहे हे मान्य व्हायला हवे. ज्याने शब्दाला वस्तू परत दिली तो वाङ्मयाच्या मध्यभागी काम करतो, मग त्याने एकही कविता लिहिलेली नसो.

शब्दाने वस्तू गमावणे म्हणजे काय, हे पाहायचे तर दोन शब्द पुरेत. पहिला बोरू. बोरू हे गवत, आणि बोरू ही त्याची लेखणी. मोडी लिपी बोरूने लिहिली गेली. भोसल्यांचा अंमल, बिंबाजीची रतनपूरची कारकीर्द (१७५८–१७८७), जमाखर्च, हुकूम, ताकीदपत्रे, हे सारे छत्तीसगडात कागदावर उतरले ते या गवताच्या कापलेल्या टोकाने. मराठी भाषेने त्या प्रदेशात पाऊल ठेवले ते भाल्याच्या टोकाने खरे, पण ती तेथे राहिली ती बोरूच्या टोकाने. आज बोरू हा शब्द उरला आहे तो बहुधा ‘बोरूबहाद्दर’ या उपहासात. दुसरा शब्द नळ. संस्कृतात नल म्हणजे पाण्याकाठचे पोकळ गवत. त्याच्या पोकळपणावरून नळी, नळा, नळकांडे, आणि मग घरातला पाण्याचा नळ. हुडकोतील मराठी घरात सकाळी नळ सोडला जातो तेव्हा त्या शब्दात पाण्याकाठचे गवत अजून उभे असते, पण ते कोणाला दिसत नाही. पाणी घरात आले, तळे मागे राहिले, आणि तळ्याकाठचे नाव तोटीला जाऊन चिकटले. भाषाशास्त्रज्ञ याला अर्थविस्तार म्हणतील. कवीच्या दृष्टीने हा अर्थलोप आहे.

या पार्श्वभूमीवर भिलाईच्या अगदी जवळ, राजनांदगावात, जे घडले ते मराठी समीक्षेने आपल्या कक्षेत घेतले पाहिजे. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) हे मराठी घरातले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. मोठा भाऊ हिंदीत गेला, जसे प्रभाकर माचवे गेले. १९४३ च्या ‘तार सप्तक’मध्ये दोघेही आहेत. नागपुरात दहा वर्षे काढून गजानन मुक्तिबोध १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून गेले. त्यांचे निवासस्थान राणीसागर आणि बूढासागर या दोन तळ्यांच्या सान्निध्यात होते. भिलाईची झोतभट्टी पेटली ती याच सुमारास. धाकट्याने आपल्या कादंबरीला ‘क्षिप्रा’ या नदीचे नाव दिले आणि थोरल्याच्या कवितेत तळे आले, या योगायोगावर भार देण्याचे कारण नाही. पण तो लक्षात राहतो.

‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेच्या आरंभीच शहराबाहेर, टेकडीपलीकडे एक तळे आहे. पाणी निश्चल, काळे. त्याच्या आरशातून एक पांढरी आकृती वर येते. या तळ्याला खोली आहे, काठ नाही. असूही शकत नाही. मनाच्या तळाशी दडपलेले जे आहे ते वर यावे यासाठी हे पाणी आले आहे, आणि काठावर गवत आले असते तर ते राजनांदगावचे तळे झाले असते. येथेही बालकवींप्रमाणेच काठ वगळण्याला कवितेतील कारण आहे. ‘ब्रह्मराक्षस’मध्ये मात्र चित्र बदलते. तिचा उगम राजनांदगावात शोधू नये. तिची बावडी कुठल्या नकाशातली नाही. शहराच्या टोकाला पडीक बावडी, खोल पाण्यात उतरलेल्या पायऱ्या, आत आपल्या पापाचा मळ घासत बसलेला विद्वान ब्रह्मराक्षस. आणि काठ? काठ येथे वनस्पतींनी भरलेला आहे, आणि त्यांना नावे आहेत. बावडीला वेढून उभे आहेत ते औदुंबर. कठड्यावर टगर आहे, आणि तिच्याशेजारी तांबड्या फुलांची कन्हेर, जिला कवी आपली म्हणतो.

हिंदी वाचकाला हे झाड गूलर म्हणून परिचित, हे फूल कनेर म्हणून. औदुंबर आणि कन्हेर ही रूपे मराठी कानाची आहेत. मुक्तिबोधांच्या हिंदीवर मराठीची छाया आहे असे हिंदी समीक्षक वाक्यरचनेच्या संदर्भात बोलतात, आणि कधी ती उणीव म्हणून सांगतात. पण छाया सर्वांत गडद आहे ती येथे, पाण्याच्या काठावर, झाडांच्या नावांत. विचार हिंदीत चालतो, आत्मसंवाद हिंदीत चालतो, ब्रह्मराक्षसाचे पांडित्य जगभरच्या तत्त्ववेत्त्यांची नावे घेते; पण पाणी जेथे संपते आणि जमीन जेथे सुरू होते तेथे घरची भाषा उभी आहे. बालकवींचा औदुंबर पाय पाण्यात सोडून एकटाच बसला होता. मुक्तिबोधांनी त्याला अनेकवचनी केले, मौन ठेवले, आणि त्याच्या फांद्यांवर घुबडांची रिकामी घरटी टांगली. बालकवींची कविता त्यांच्या मनात होती की नव्हती, हे सिद्ध करण्याची गरज नाही. एका भाषेत जे झाड विषण्ण शांतीचे होते ते दुसऱ्या भाषेत अपराधाचे साक्षीदार झाले, एवढे दोन्ही कविता शेजारी ठेवल्या की दिसते.

तरीही एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. ही तिन्ही झाडे घराच्या अंगणातली, देवळाच्या आवारातली आहेत. पूजेची फुले, पूज्य वृक्ष. तळ्याकाठचे पाणकणीस मुक्तिबोधांच्याही काठावर उगवत नाही. देहूच्या संतकवीने शास्त्रातला वेत सोडून पात्रातला लव्हाळा घेतला. मराठी मनाने पूर्वेकडे जाताना अंगणातला औदुंबर बरोबर नेला, पण तेथल्या तरियाच्या काठाला उभे असलेले गवत उचलले नाही. ते काम पुढे हिंदीत, निराळ्या स्वभावाच्या लेखकाने केले. राजनांदगावात १९३७ साली जन्मलेले आणि तरुणपणी मुक्तिबोधांचे प्रोत्साहन लाभलेले विनोदकुमार शुक्ल यांच्या ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ (१९९७) या कादंबरीत खिडकीतून पलीकडे उतरले की तळी लागतात. त्या तळ्यांना खोलीपेक्षा काठ अधिक आहे. माणसे तेथे वावरतात, बसतात, परत येतात. काठावर राहता येते ही जाणीव त्या गद्यात आहे.

छत्तीसगडातील मराठी लेखकाला हे सोपे नाही हे मान्य केले पाहिजे. त्याची भाषा घरात बोलली जाते, पण तळ्यावर नाही. तळ्याकाठच्या वस्तूंची नावे त्याला छत्तीसगढीत ऐकू येतात, शाळेत हिंदीत शिकवली जातात, आणि मराठीत ती शोधायची तर पुण्या-मुंबईत छापलेला कोश काढावा लागतो. अशा स्थितीत ‘लव्हाळी’ हा तयार शब्द हाताशी येतो आणि काम भागते. परंतु पचरीवर बसलेल्या माणसाच्या तोंडचा शब्द मराठी ओळीत उचलून घ्यायला व्याकरणाची आडकाठी नाही. तरिया, डबरी, पचरी हे शब्द मराठी उच्चाराला मुळीच जड जात नाहीत. मुक्तिबोधांनी कन्हेर हिंदीत नेली तेव्हा तिची फोड करून सांगितली नव्हती.

‘ब्रह्मराक्षस’ मराठीत आणणाऱ्या अनुवादकापुढे याच ठिकाणी एक विचित्र अडचण उभी राहते. हिंदी कवितेत औदुंबर किंचित परका आहे. वाचक त्या शब्दाशी क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यात बावडीभोवतीचा काळोख दाट होतो. मराठीत तो शब्द जसाच्या तसा ठेवला की झाड आपल्या घरी परत येते, ओळखीचे होते, दत्ताचे होते, बालकवींचे होते, आणि ते थांबणे नाहीसे होते. त्याच्या जागी गूलर घालावे तर कविता खोटी होते. अनुवादक निष्ठावंत असेल तर तो औदुंबरच ठेवील, आणि मराठी वाचकाला त्या काठावर काहीतरी कमी झाले आहे हे कळणारही नाही.